कूलरच्या टाकीतला संत्रा

"आठ दिवस! फक्त आठ दिवसांत घर होतं तसं करून दाखवतो. गवंडी नको, सुतार नको, कुणाचे उपकार नको!" वादळ गेल्यावर अंगणात उभा राहून मी बायकोला असं ठणकावून सांगितलं होतं. मे महिन्यात. आता तुम्ही हसू नका. मी नागपूरच्या लकडगंजात लाकडाच्या टालावर, म्हणजे वखारीत, मुनीम आहे. दिवसभर फळ्या आणि बल्ल्या डोळ्यांसमोरून जातात, तेव्हा सुतारकाम आपोआप अंगात मुरत असणार अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

तर वादळ. बंगालच्या उपसागरात कुठंतरी चक्रीवादळ झालं आणि टीव्हीवरची बाई म्हणाली, विदर्भाला नुसतं शेपूट लागेल. लागलं! त्या शेपटानं तांडापेठेतल्या आमच्या स्वयंपाकघरावरचे टिनाचे पत्रे उडवले, अंगणाची भिंत आडवी केली आणि कुसुमावतीचं संत्र्याचं झाड मुळासकट उपटून कूलरवर आपटलं. अख्खं वादळ आलं असतं तर आम्ही थेट भंडाऱ्यालाच सापडलो असतो!

पत्र्यांचं, भिंतीचं काही नाही हो. पण ते झाड कुसुमावतीनं लग्नाच्या पहिल्या वर्षी काटोलहून, माहेरच्या बागेतून आणलं होतं. आमच्या गल्लीत माणसाला उभं राहायला जागा नाही, तिथं तिनं संत्रा जगवला. त्या दिवशी ती त्या पडलेल्या झाडाजवळ बसली ते उठेचना. मला फार वाईट वाटलं. मला वाईट वाटलं की मी मोठ्यानं बोलतो, म्हणून ते आठ दिवसांचं बोललो.

दुसऱ्याच दिवशी तिचा भाऊ मधुसूदन हजर! याची आधी संत्र्याची बाग होती. आता सदरमध्ये ऑफिस टाकून फ्लॅट विकतो.

"ताई, काहून या खंडरात राहून राहिली वं? बिल्डर तयार आहे. जागा द्या, चौथ्या माळ्यावर फ्लॅट घ्या. लिफ्ट, पार्किंग, चोवीस घंटे पानी!"

"पानी इथंबी चोवीस घंटे येईन आता," कुसुमावती स्वयंपाकघरातून दिसणाऱ्या आभाळाकडे बघत म्हणाली. ती माझ्या बाजूनं बोलली की त्याच्या, हे मला अजून कळलेलं नाही.

"हटनार नाही!" मी गरजलो. "या घरात माह्या बापाचा, नानाजीचा माग चालला. वादळ हटवू शकलं नाही मले, बिल्डर काय हटवते!"

"भाऊजी, वादळानं तुमचं छप्पर नेलं."

"छप्पर नेलं. मले नेलं का?"

मधुसूदन पुन्हा लिफ्टवर आला. शेवटी कुसुमावती मधे पडली. ती म्हणाली, "भांडू नका. पोळ्यापर्यंत वाट पाहू. माह्या संत्र्याले फूट आली तर इथंच राहू. नाही आली, तर मधू म्हनते तसं फ्लॅटमंधी जाऊ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मधू बिल्डरले घेऊन जेवाले येईन, तवा काय ते ठरवू."

म्हणजे घराचा सगळा निकाल एका उपटलेल्या झाडावर! मी छाती ठोकून हो म्हणालो.

लागलो कामाला. पहिल्या आठ दिवसांत एक खिळा ठोकला, तो अंगठ्यावर. उडालेल्या पत्र्यांपैकी दोन शेजारच्या भागीरथाबाईच्या बकऱ्यांच्या गोठ्यावर नीट बसलेले सापडले. मागायला गेलो तर बाई म्हणाल्या, "वरून आलं ते देवाचं. मी कोन परत देनारी?" मग कुणा स्थानिक नेत्याच्या वाढदिवसाचं जुनं फ्लेक्स मिळवलं आणि छपरावर ताणून बांधलं. घाईत ते उलटं बांधलं गेलं. नेत्याचा हसरा चेहरा खाली, शुभेच्छुकांचे चेहरे चारी बाजूंना. कुसुमावती अख्खा पावसाळा डोक्यावर पदर घेऊन स्वयंपाक करत होती. "परपुरुषासमोर फोडनी घालाव लागते," म्हणाली.

भिंत मी स्वतः रचली. ती पहिल्या जोरदार पावसात भागीरथाबाईच्या बाजूला झोपली आणि बकऱ्यांना आमच्या अंगणात यायला हमरस्ता झाला. पण मी हटलो नाही! रविवारी भिंत रचायची, बुधवारी ती पडायची. गल्लीतले लोक पैज लावायला लागले. मंगळवारी पडेल म्हणणारेही होते.

झाडाची मात्र मी मुलासारखी काळजी घेतली. फांद्या छाटल्या, कमरेएवढा खुंट ठेवला, जखमेवर शेण-माती लिंपली. अंगण मलब्यानं भरलेलं, मग लावायचं कुठं? डोकं चालवलं! चेमटलेल्या कूलरची खालची टाकी शाबूत होती. तिच्यात माती भरून खुंट लावला आणि टाकी कूलरच्याच चाकांच्या स्टँडवर ठेवली. ऊन असेल तिकडं झाड ढकलायचं, पाऊस जास्त झाला की आत घ्यायचं. असा फिरता संत्रा अख्ख्या नागपुरात दुसरा नसेल!

आणि ऐन पावसाळ्यात त्याला फूट आली! हिरवीगार, तरारलेली! मी एकटाच अंगणात नाचलो. कुसुमावतीला हाक मारणार होतो, पण म्हटलं थांब. मधुसूदनसमोर, बिल्डरसमोर दाखवू. तिला म्हणालो, "आता झाड पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच पाहायचं." ती हळूच म्हणाली, "बरं. मलेबी तेवढे दिस आशा राहू द्या." आता फूट मेली तर मी मेलो!

बकऱ्यांपासून वाचवायची आणि बायकोपासून लपवायची, म्हणून मी खुंटाला माझा जुना सफारी शर्ट घातला, टाकीला पँट गुंडाळली, वर हेल्मेट ठेवलं. झकास बुजगावणं! शेवटी बिल्डरसाठी एक फळी रंगवून त्याच्या गळ्यात अडकवली: 'मी हटणार नाही!'

आमचे वडील नानाजी यांनी ते पाहिलं. उभा जन्म मागावर बसलेला माणूस, आता डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी हातानं चाचपून पाहिलं, काटा टोचला तरी हसले आणि म्हणाले, "वा बे हेमराज! आता शोभला माहा पोरगा!" माझ्या बागकामाचं त्यांनी कौतुक केलं म्हणून मी फुलून गेलो.

पोळा झाला. दुसरा दिवस उजाडला, म्हणजे मारबतीचा. नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, या दिवशी आमच्याकडं मारबतीची, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या बाईच्या पुतळ्याची, मोठी मिरवणूक निघते. तिच्यासोबत गल्लोगल्लीचे बडग्ये असतात. बडग्या म्हणजे जे जे वाईट, त्याचा पुतळा. जुने कपडे घालायचे, गळ्यात पाटी अडकवायची, गाडीवर चढवायचा, ओरडत गावभर फिरवायचा आणि शेवटी जाळायचा. तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नव्हतं.

मी सकाळी मटणाच्या रांगेत उभा होतो. पाहुणा येणार, बिल्डर येणार! पिशवी घेऊन घरी आलो तर अंगणात टाकीही नाही, स्टँडही नाही.

"नानाजी! माहं झाड कुठं गेलं?"

"कोनतं झाड गा? तुहा बडग्या नेला ना गल्लीतल्या पोट्टेइनं! चाकं लावून तयारच ठेवला होता तू. मीच त्याले हातगाडीवर बांधून देल्ला. कुकू लावलं, नारळ फोडला. जलमभर वाट पाहिली, माह्या पोरानं एकतरी बडग्या कराव म्हनून!" म्हाताऱ्याच्या डोळ्यांत आनंदाश्रू होते. त्यांना काय बोलणार? मटणाची पिशवी हातात धरून मी तसाच पळत सुटलो.

मिरवणुकीत ही गर्दी! ढोल, संदलची वाजंत्री, फुगे, खांद्यावर पोरं, गच्चीवर बाया. "इडा पिडा घेऊन जाय गे मारबत!" मी कोपरं मारत पुढं घुसत होतो आणि पिशवीच्या वासानं चार कुत्री माझ्यामागं. शेवटी लांब माझं हेल्मेट दिसलं! हातगाडीवर, गर्दीच्या डोक्यांवरून डुलत.

"थांबवा! तो माहा आहे!" मी ओरडलो.

"काकाचा बडग्या आहे रे! काकाले वर घ्या!" पोट्टे खूश. चार हातांनी मला उचलून गाडीवर फेकलं. मी खुंटाला मिठी मारली आणि किंचाळलो. हे बोटाएवढे काटे! शर्ट अडकला, बाही अडकली. दोरी सोडायला गेलो, तर ती विणकराची गाठ. नानाजींनी बांधलेली. ती सोडवायला नानाजीच पाहिजेत, आणि ते घरी नारळाचा प्रसाद वाटत होते.

खाली चर्चा सुरू. "हा खुर्ची न सोडनाऱ्या नेत्याचा बडग्या आहे." "नाही बे, रस्त्यावरच्या खड्ड्याचा आहे. पाह्य ना, हटनार नाही म्हनते." "माह्या भाडेकरूचा दिसते!" एका मोबाइलवाल्या पत्रकारानं माझ्या तोंडासमोर माइक धरला. "काका, यंदा तुम्ही कशाचा निषेध करून राहिले?"

"निषेध कायचा? हे झाड आहे! हे गेलं तर माहं घर जाते!"

"पर्यावरनाचा बडग्या!" कुणीतरी ओरडलं आणि टाळ्या पडल्या. मला हार घातला. हारातली फुलं चघळायला कुठूनशी एक गायही आली.

वरात निघाली ती थेट जाळायच्या मैदानावर. तिथं आधीच दोन बडग्ये पेटलेले. पोट्ट्यांनी आमची गाडी लाकडांजवळ लावली आणि म्हणाले, "काका, उतरा आता."

"उतरत नाही!"

"काका, मजाक पुरे. जाळाचं आहे त्याले."

"मलेबी जाळा मग! वादळाले हटलो नाही, तुमाले हटतो का? लावा काडी!" खरं सांगू? उतरायचं म्हटलं असतं तरी काट्यांनी उतरू दिलं नसतं. पण मी आतून अगदी पेटलो होतो. चार महिने ज्याला मी पाणी घातलं, ते कुणाच्याही काडीनं जाऊ देणार नव्हतो. काडी धरलेला पोट्टा दोन पावलं मागं सरला. ढोलवालाही थांबला.

तेवढ्यात गर्दीतून आवाज आला. "व्हा बाजूले! नवरा आहे माहा तो!" कुसुमावती! मागून घामाघूम मधुसूदन, त्याच्या मागं पांढऱ्या बुटांना चिखल लागू नये म्हणून उड्या मारणारा बिल्डर. नानाजींनी त्यांना सगळं सांगितलं होतं.

ती गाडीवर चढली. माझ्याकडं न बघता तिनं हेल्मेट काढलं, सफारी शर्टाची बटणं एकेक करून सोडली. आत हिरवी फूट, एक पान दुमडलेलं नाही! कुसुमावतीनं दोन्ही हात तोंडावर ठेवले आणि ती रडायलाच लागली. "जगलं हो! माहं झाड जगलं!" मीही रडलो. पोट्ट्यांनी शिट्ट्या मारल्या. मी मान ताठ करून मधुसूदनकडं पाहिलं.

मधुसूदननं एक पान तोडलं. चुरगाळलं. हुंगलं. खुंट बुडाशी नीट न्याहाळला. मग गोड हसला.

"भाऊजी, हा संत्रा नाही. जंभेरी आहे."

आता हेही सांगावं लागेल. संत्र्याचं रोप म्हणजे जंभेरीच्या खुंटावर बांधलेला संत्र्याचा डोळा. खाली जंगली, आंबटढाण जंभेरी, वर संत्रा. "डोळा वाळून कोळसा झाला. फूट त्याच्या खालून आहे. म्हनून तर एवढे काटे! ताई, तुहा संत्रा वादळातच मेला. भाऊजीनं चार महिने जंभेरीले पानी घातलं." बिल्डरनं घड्याळ बघितलं. शर्त तर संत्र्याची होती.

कुसुमावतीनं खुंटाच्या बुडाशी हात फिरवला. बागायतदाराची मुलगी ती, तिला एका स्पर्शात कळलं. तिनं डोळे पुसले. मग माझ्याकडं पाहिलं. गळ्यात अर्धा खाल्लेला हार, बाही फाटलेली, हातात मटणाची पिशवी, आजूबाजूला चार कुत्री.

"मधू," ती म्हणाली, "संत्रा गेला, खरं आहे. पन या मानसाले जाळाले निघाले होते लोक, तरी हा उतरला नाही. याले चौथ्या माळ्यावर कसा ठेवू गा? रोज लिफ्टसंगं भांडन करन हा! जाय, बिल्डरले जेवाले घेऊन ये. फ्लॅट नाही पाहिजे."

मैदानात असा जल्लोष झाला म्हणून सांगू! ढोल पुन्हा सुरू झाला आणि आम्ही त्याच हातगाडीवरून वाजतगाजत घरी आलो. बिल्डरनं तीनदा रस्सा मागून घेतला.

तर आम्ही इथंच आहोत. छप्पर गवंड्यानं घातलं, भिंत गवंड्यानं घातली. कुसुमावतीनं मला फक्त लांब खुर्ची टाकून बसायची परवानगी दिली होती, तीही तोंड बंद ठेवून. जंभेरी आता अंगणाच्या मधोमध लावली आहे आणि ती जी माजली आहे, भागीरथाबाईच्या बकऱ्या रस्ता बदलून जातात. येत्या हंगामात तिच्यावर नवा संत्र्याचा डोळा बांधायचं कुसुमावतीनं ठरवलं आहे. डोळा मधुसूदन बांधणार आहे, मी नाही. गल्लीतून जाता-येता लोक मुद्दाम विचारतात, "काय हेमराजभाऊ, संत्रे आले का?"

मी छाती काढून सांगतो, "येऊन राहिले. सध्या काटे आले आहेत."