पहिल्या ओळीतलं श्री

१९८७ साली इचलकरंजीत आण्णांच्या मागशेडमध्ये कॉम्प्युटर आला, आणि सिकंदरनं छातीठोकपणे सांगितलं की उद्यापासून पाळीची यादी यंत्र छापणार, चूक म्हणून होणार नाही! कोल्हापुरात सहा महिन्यांचा क्लास केला होता ना! त्याचे वडील मीरासाब तीस वर्षं एक नंबरच्या मागावर उभे होते. आण्णांपुढं शब्द टाकून त्यांनीच पोराला चिकटवलं होतं. यंत्र फसलं तर पोरगंही मागावर, असं आण्णांनी बजावलं होतं.

बेत सोपा होता. फाइलीत एका ओळीत एक नाव. पाचव्या ओळीतलं नाव पाचव्या मागाला. यंत्र ओळी शून्यापासून मोजतं, म्हणजे पहिल्या ओळीला शून्य म्हणतं, हे सिकंदरला पाठ होतं. म्हणून त्यानं मागाच्या नंबरातून एक वजा केला आणि स्वतःवरच खूश झाला. नावं टाइप करायचं काम जोतीराम दिवाणजींकडं होतं.

सकाळी यादी लागली. एक नंबरच्या मागावर नाव होतं: श्री! मीरासाब दोनवर, दोनचा पिराजी तीनवर, सगळी शेड एकेक घर सरकलेली, आणि शेवटचा गडी बिनमागाचा. दुसऱ्याच्या मागाची खोड कुणाला ठाऊक? तासाभरात नुसता धागा तुटत राहिला. एक नंबर बंद का, असं विचारलं की लोक सांगत, देवाची वाट बघतोय.

दिवाणजींनी जन्मात वर श्री घातल्याशिवाय काही लिहिलं नव्हतं. फाइलीतही पहिल्या ओळीत त्यांनी तेच केलं होतं.

सिकंदरनं दुपारी गुपचूप ते वजा एक काढून टाकलं. आता शून्यावर श्री, एकवर अब्बा. सुटलो, म्हणाला. तिकडं दिवाणजींना पोराच्या नोकरीचा घोर लागला. त्यांनी देवाची माफी मागून श्रीची अख्खी ओळच पुसली. तेही गुपचूपच!

दुसऱ्या दिवशी एक नंबरवर पिराजी. मीरासाबांनी यादी दोनदा वाचून घेतली.

"सिकंदर, माझं नाव कुठं हाय?"

"शून्यावर, अब्बा."

म्हातारा टोपी काढून पायरीवर बसला. सिकंदरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आण्णांनी चौकशी केली, तेव्हा दिवाणजींनी श्री पुसल्याचं कबूल केलं. आण्णा कडाडले, "मग दुसरं काय व्हणार? ते श्री ऱ्हायलं असतं तर आज समदं नीट झालं असतं की!"

मग सिकंदरला उद्यापासून बापाच्या हाताखाली मागावर उभं राहायला सांगून ते निघून गेले. काल काढलेलं वजा एक आठवून सिकंदर मान खाली घालून उभा राहिला. आण्णांनी जन्मात कॉम्प्युटरला बोट लावलं नव्हतं, आणि त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं.