कार्डाला ताप नाही

समीक्षाच्या कॉम्प्युटरवरचा गणपती वळताना अडखळत होता. समोरून छान दिसायचा, मग जागच्या जागी अडायचा आणि कुणीतरी ढकलल्यासारखा एकदम दुसऱ्या कानाशी उगवायचा. रविवारी सकाळी दहा वाजता पेणचे कान्हूशेठ तो बघायला रोह्याला येणार होते. त्यांच्या कारखान्यातल्या बावीस मूर्ती अशा पडद्यावर फिरवून दाखवायच्या, म्हणजे लांबच्या गिऱ्हाइकांना निवड करायला पेणपर्यंत यायला नको, ही कल्पना समीक्षाची. शेठना पटली तर ते तिचं पहिलं काम. नाही पटली तर मामाने पतपेढीत एक खुर्ची बघून ठेवली होती आणि मामा दर दोन दिवसांनी त्या खुर्चीची खुशाली कळवत होता.

बुधवारी तिने एका मासिकात वाचलं, की ग्राफिक्स कार्ड, म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातलं चित्रं काढणारं कार्ड, नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त पळवता येतं. मासिकासोबतच्या सीडीवर त्यासाठी छोटा प्रोग्रामही होता. पडद्यावरची एक पट्टी उजवीकडे सरकवायची, की झालं. खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, की पट्टी फार सरकवल्यास कार्ड जळू शकतं.

ते बारीक अक्षर तिच्या वडिलांनी वाचलं आणि तिथून सगळं सुरू झालं.

गोविंदरावांनी चोवीस वर्षं धाटावच्या एका कंपनीत, कंट्रोल रूममध्ये, काट्यांकडे बघत काढली होती. जानेवारीत ते निवृत्त झाले. तेव्हापासून त्यांच्या वाट्याला भिंतीवरच्या घड्याळाचे दोनच काटे उरले होते, आणि ते कधी बिघडतही नव्हते.

"किती सरकवणार?" त्यांनी विचारलं.

"बारा टक्के."

"एका दमात?"

"हो. मिनिटाचं काम आहे."

"एका दमात लोड वाढवणारा एक इंजिनियर होता आमच्याकडं. भारी हुशार. त्याचा फोटो लावलाय कँटीनमध्ये."

समीक्षाने माऊसवरचा हात काढला.

गोविंदरावांनी जुन्या डायरीत रेघा मारून तक्ता आखला. वेळ, वेग, तापमान, शेरा, सही. दर दोन तासांनी अर्धा टक्का वाढवायचा. दिवसाला आठ पायऱ्या. शनिवारी रात्री काम पुरं. सकाळी सहा ते दोन त्यांची शिफ्ट, दोन ते दहा समीक्षाच्या आईची, कृष्णाबाईंची.

"माझी?" कृष्णाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "मी कुठं अर्ज केला होता?"

उलट त्यांच्या ओट्यावरचा टेबलफॅन गेला. गोविंदरावांनी कॉम्प्युटरच्या डब्याची बाजू उघडली, सगळ्या वायरी बोटाने मागोवा घेत नीट बघितल्या, फॅन आत वारा मारेल असा ठेवला आणि कपाटातून ताप बघायचं थर्मामीटर काढून त्याचं टोक कार्डाला टेकवून दोऱ्याने बांधलं.

"अहो, ते माणसाचं हाय."

"ताप सगळ्यांचा सारखाच. एकशे आठ झाला की बंद करायचं."

"एकशे आठच का?"

"त्याच्या पुढं आकडे नायत."

गुरुवारी सकाळी सहाला कार्डाचा ताप अठ्ठ्याण्णव पॉइंट चार होता. आठलाही तेवढाच, दहालाही. दुपारी कृष्णाबाईंनी चार्ज घेतला आणि चारच्या रकान्यात लिहिलं, 'तब्येत बरी हाय.'

"तब्येत लिहायची नाय," गोविंदराव म्हणाले. "नॉर्मल लिहायचं."

"मग नॉर्मल. मला काय, मी कांदे चिरता चिरता बघते."

शुक्रवार संध्याकाळपर्यंत कार्ड आठ टक्क्यांनी जास्त पळत होतं आणि पारा होता तिथेच होता. गणपतीही होता तसाच, कानापासून कानापर्यंत उड्या मारणारा. समीक्षा नखं खात होती. गोविंदरावांचं म्हणणं, की आधी थर्मामीटर खरं बोलतंय की नाही ते तपासायला हवं, मग बाकीचं. तेवढ्यात शेजारचा जगन शिडी मागायला आला. त्याला बसवून थर्मामीटर त्याच्या जिभेखाली दिलं.

एकशे एक.

"जगन, तुला ताप हाय."

"नाय हो काका. जरा अंग दुखतंय, बस."

"इन्स्ट्रुमेंट खोटं बोलत नाय. शिडी राहू दे, डॉक्टरकडं जा."

जगनला खरोखरच मलेरिया निघाला. शनिवारी ही बातमी आळीभर झाली, पण वाटेत थर्मामीटर गळून पडलं आणि गोविंदरावांकडच्या कॉम्प्युटरला बसल्या जागी ताप कळतो, एवढंच उरलं. रविवारी सकाळी आठ वाजता आळीतली ठमाबाई दोन नातवंडं घेऊन दारात उभी राहिली. तिच्यामागे आणखी पाचजणी होत्या.

"ठमाबाई, हे तसलं मशीन नाय."

"व्हय, माहीत हाय तुमचं. जगनला बघितलंत, आमची पोरं का जड झाली?"

गोविंदराव रांग लावायला ओटीवर गेले. रांग दिसली की ती सरळ करणं त्यांना भागच होतं.

नऊ वाजून गेले. समीक्षाने पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली आणि फॅनची वायर हलवायला टेबलामागे शिरली. तिथे ती तशीच बसून राहिली. डब्याच्या मागे पडद्याची केबल लावायची दोन सॉकेटं होती. एक कार्डाचं, एक कॉम्प्युटरच्या मूळ बोर्डाचं. केबल बोर्डाच्या सॉकेटात होती. कॉम्प्युटर घरी आणला त्या दिवशी ती तिनेच, घाईघाईत, तिथे खोचली होती. इतके दिवस कार्डाने गणपतीची एक रेघही काढली नव्हती. घरातले तिघंजण चार दिवस एका रिकामटेकड्याचा ताप बघत होते.

तिने ओटीकडे पाहिलं. वडील ठमाबाईच्या नातवाला समजावत होते, की जीभ वर नाही, खाली. मांडीवर उघडी डायरी होती. सव्वीस ओळी भरलेल्या, प्रत्येकीपुढे सही. तिने आवाज न करता कॉम्प्युटर बंद केला, केबल बदलली आणि पुन्हा चालू केला.

दहाला कान्हूशेठ आले. रांग बघून ते मुकाट तिच्या शेवटी उभे राहिले. त्यांना आत आणावं लागलं. गोविंदरावांनी थर्मामीटर धुऊन पुन्हा कार्डाला बांधलं आणि डायरी घेऊन बसले.

समीक्षाने बटण दाबलं. गणपती फिरला. तेलावर फिरावा तसा, कुठेही न अडता; सोंड, कान, खांदा आणि मग पाठ. कोरी, पांढरी पाठ, तिच्यावर कारागिराने पेन्सिलीने लिहिलेलं 'बारा इंची, सोंड परत घासणे'.

कान्हूशेठचा चेहरा पडला.

"पोरी, पाठ कशाला दाखवतेस?"

"शेठ, सगळ्या बाजूंनी दिसावा म्हणून..."

"पाठ मखराकडं असते. आमच्यात पाठ रंगवायची पद्धतच नाय. गिऱ्हाईक म्हणेल, कान्हूने अर्धाच देव दिला." गणपती पुन्हा वळला, पुन्हा पाठ. "आणि हा थांबत का नाय? देव हाय तो, पंखा नाय. नाय जमायचं हे."

"एकशे पाच," कृष्णाबाई थर्मामीटरकडे बघत म्हणाल्या. "अहो, चढतोय."

समीक्षाला पतपेढीतली खुर्ची दिसायला लागली.

"समे," गोविंदराव डायरीतून मान वर न करता म्हणाले, "केबल आधी होती तिथं लाव."

ती बघतच राहिली. "तुम्हाला माहीत होतं?"

"बुधवारी डबा उघडला तेव्हाच दिसली."

"मग बोलला का नाहीत?"

"नवीन मशीन पहिल्यांदा रिकामंच पळवतात. आज नऊला लोड देणार होतो, ह्या रांगेत राहून गेलं. आणि आधी सांगितलं असतं तर तू थांबली असतीस?"

तिने केबल काढली, जुन्या जागी लावली. पडदा उजळला. गणपती समोरून दिसला, अडला, थांबून राहिला. मग एकदम दुसऱ्या कानाशी उगवला. पाठ मध्येच कुठेतरी गळून गेली होती.

कान्हूशेठ दोनदा बघत राहिले. तिसऱ्यांदा गणपती समोर अडला तेव्हा त्यांचे हात आपोआप जुळले.

"हे बरोबर," ते म्हणाले. "नमस्काराला वेळ देतोय. बावीसच्या बावीस अशाच कर. पण हा जसा अडतोय ना, तसाच अडला पाहिजे. ते जमेल?"

"जमेल," समीक्षा म्हणाली.

शेठ चहा घेऊन गेले. कृष्णाबाईंनी फॅनकडे हात केला. "आता तरी देता का माझा? त्या कार्डाला काही कामच उरलं नाय."

"काम नाय म्हणून लक्ष ठेवायचं नाय, असं कुठं लिहिलंय?" गोविंदराव म्हणाले. त्यांनी पारा झटकला, थर्मामीटर पुन्हा बांधलं, दहा मिनिटं थांबले आणि सत्ताविसावी ओळ लिहिली. लोड नाही. अठ्ठ्याण्णव पॉइंट चार. नॉर्मल.

समीक्षाने पेन मागून घेतलं आणि सहीच्या रकान्याखाली पुढच्या आठवड्यासाठी रेघा मारून दिल्या.