नानांची मोटार जळलीच पाहिजे

अर्जुनराव नानांची विजेची गाडी दिंद्रुडात त्यांच्याच दारात बंद पडली, तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि साडेबाराला घाटनांदूरला व्याह्यांच्या दारी नानांच्या मुलीचा, सायलीचा साखरपुडा होता. विजेवर चालणारी गावातली ही पहिलीच गाडी. व्याह्यांच्या मांडवासमोर उतरता यावं म्हणूनच नानांनी ती घेतली, असं लोक म्हणत. लोक सहसा खोटं बोलतात, पण या बाबतीत नाही.

बोलावणं बिभीषणला गेलं. बिभीषण अठ्ठावीस वर्षं विहिरींच्या मोटारी बांधत होता, म्हणजे जळकी तांब्याची तार काढून नवी गुंडाळत होता. दुकान नानांच्याच गाळ्यात. पण धंदा आता मरायला टेकला होता. सोलारच्या पंपाला काही झालं की कंपनीची माणसं येतात आणि अख्खी मोटारच बदलून जातात. म्हणून पन्नाशीला आलेला हा माणूस बीडला विजेच्या गाड्यांच्या सर्व्हिस सेंटरात पंधरा दिवस शिकायला गेला. पोराच्या वयाच्या मास्तरापुढे बाकावर बसला आणि पास झाला. परवा सोमवारी त्याला तिथं नोकरीवर हजर व्हायचं होतं. तिथला पहिला नियम असा की मोटारीचं सील फोडायचं नाही. फोडलं तर गाडीची वॉरंटी जाते आणि फोडणाऱ्याची नोकरी.

बिभीषणनं गाडीत बसून बटण दाबलं. पडदा लुकलुकला आणि विझला.

"चार्जिंग केलतं का?"

"फुल्ल हाय," नानांचा मुलगा अमरसिंह म्हणाला.

"मंग सकाळपासून काय चालू होतं?"

"गाणी लावलती... थोडी."

"थोडी म्हंजे?"

"सहापासून."

बिभीषण हसला. "नाना, काळजी करू नका. मोठी बॅटरी भरलेली हाय, मोटार ठणठणीत हाय. बॉनेटखाली एक छोटी बॅटरी असती, ट्रॅक्टरला असती तसली. गाडीला जागं करायचं काम तिचं. गाडी बंद ठिवून नुसती गाणी वाजवली की ती उतरती. ट्रॅक्टर आणा, दोन वायरी जोडू, पाच मिनिटात निघा."

गोष्ट इथंच संपायची. पण तोवर दारात पंचवीस माणसं जमली होती आणि त्यातली दोन-तीन हसली.

"म्हंजे मी लोकाला काय सांगू?" नाना म्हणाले. "पोरानं गाणी वाजवली आन् एवढी मोठी गाडी बसली? मोटार जळली असंल. नीट बघ."

"ही मोटार सहजी जळत न्हाई, नाना. हिच्यात झिजायला ब्रश न्हाईत, तेल बदलायचं न्हाई. लई तापली तर आपली आपण दम घेती."

"माझ्या चार विहिरीच्या चार मोटारी दरसाल जळत्यात. मंग हीच कावून जळत न्हाई? हिला काय येगळी लाईट येती?"

नानांचंही बरोबर होतं. मोटार जळणं हे गावात बागायतदाराचं लक्षण समजतात. ज्याच्या विहिरीला पाणीच नाही त्याची मोटार जळणार कशानं? मोटार जळली म्हटलं की चार माणसं हळहळायला येतात. बॅटरी उतरली म्हटलं की तीच माणसं तोंडावर रुमाल धरतात. नानांच्या दाराला हळहळीची सवय होती, हसण्याची नव्हती.

"खोल मोटार," नाना म्हणाले.

"सील हाय नाना त्याला. परवा माझी नोकरी..."

"गाळा कुनाचाय बे?"

हे नानांनी अगदी शांतपणे विचारलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडणारा माणूस जेवणाच्या वेळेपर्यंत विसरतो.

मग नानांनी खाट मागवली. मोटार बांधताना मालकानं समोर खाट टाकून बसायचं, ही तिकडची रीत. कारागीर तांब्याच्या जागी ॲल्युमिनियम तर घालत नाही ना, हे मालक स्वतःच्या डोळ्यांनी बघतो आणि जळकी तार गोळा करून घरी नेतो.

बिभीषण दुकानातून हत्यारांची पिशवी घेऊन आला. गाडी जॅकवर चढवली, पोतं अंथरून खाली शिरला आणि वीस मिनिटं पान्यानं लोखंडावर टणटण करत राहिला. मोटारीचं सील त्याच्या नाकासमोर होतं. त्यानं त्याला बोटसुद्धा लावलं नाही. आदल्या दिवशी गावातल्या शहादेवच्या पंपातून काढलेल्या आणि त्यानं अजून न नेलेल्या जळक्या तारेचं भेंडोळं तेवढं पिशवीतून काढलं आणि गाडीखालून बाहेर ढकललं.

"आगागागा!" गर्दी हळहळली. "कोळसा झालाय की नुसता!"

नानांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "मी काय म्हनलो व्हतो?"

"आता टेस्टिंगला ट्रॅक्टर लागंल," बिभीषण अंग झाडत म्हणाला. ट्रॅक्टर आला, छोट्या बॅटरीला दोन वायरी जोडल्या आणि गाडी जागी झाली. टाळ्या पडल्या. शहादेवचं तांबं उपरण्यात बांधून नाना घाटनांदूरला गेले. शहादेवला काय सांगायचं याचा विचार करत बिभीषण दुकानात गेला. नोकरी वाचली, नानांचा मान राहिला, गाळा राहिला. एवढा हुशारीचा दिवस त्याच्या आयुष्यात यापूर्वी उगवला नव्हता.

अमरसिंहनं मात्र सगळ्याचा व्हिडिओ काढला होता. 'विजेच्या गाडीची जळालेली मोटार वीस मिनिटात बांधली! दिंद्रुडचा इंजिनिअर बिभीषण!' संध्याकाळपर्यंत तो माजलगाव तालुकाभर फिरला आणि रविवारी सकाळी बीडला पोहोचला. सर्व्हिस सेंटरचे मॅनेजर सुंदरराव यांचा फोन आला.

"सील फोडलंत तुम्ही?"

"न्हाई सायेब! ते सगळं नाटक होतं." बिभीषणनं गाण्यांपासून तारेपर्यंत सगळं सांगितलं.

सुंदरराव म्हणाले, "बिभीषण, माझा विश्वास आहे. पण वरच्यांनी व्हिडिओ पाहिलाय. फोटो चालणार नाही, आज गाडीच इथं आणून सील दाखवा आणि उद्या खुशाल हजर व्हा."

बिभीषण धावतच नानांकडे गेला. नाना ओसरीवर प्रसन्न बसले होते. घाटनांदूरला नवरा-नवरीपेक्षा जळक्या तारेलाच जास्त माणसं बघायला आली होती.

"नाना, गाडी तेवढी बीडला नेऊ. सायेबाला सील दावायचं, मोटार खोललीच न्हवती म्हनून."

"म्हंजे जळलीच न्हवती? व्याह्यापुढं तार ठिवली मी, बिभीषणा."

"फकस्त सायेबाला सांगायचं. गावाला न्हाई."

"बीडात बोललेलं दिंद्रुडात यायला किती येळ लागतो?" नानांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आन् मी खोटं कसं बोलू? खाटंवर बसून सोताच्या डोळ्यांनी पाह्यलंय. लई झकास बांधलीस तू. गाळा हाय ना तुला? नोकरी कशाला पायजे?"

बिभीषणला थट्टा वाटली म्हणून त्यानं नानांच्या डोळ्यांत पाहिलं. थट्टा नव्हती. एका दिवसात नानांना ते खरंच वाटू लागलं होतं, आणि अशा माणसापुढे देवही हात टेकतो.

सोमवारी त्या जागेवर दुसऱ्याला घेतलं. सुंदररावांनी फोनवर एवढंच सांगितलं, "मोटारीची तक्रार घेऊन ती गाडी कधी आमच्याकडे आली, तर सील बघून तुमचं नाव परत वर पाठवीन. माझा शब्द आहे."

घरी साखराबाई तांदूळ निवडत होती. नवऱ्याचं सगळं ऐकून तिनं सूप खाली ठेवलं.

"मंग एवढं त्वांड कशाला पाडलंय? मशीनच हाय ती. आज ना उद्या बिघडंल की."

"न्हाई बिघडत."

"आसं कसं? इहिरीची जळती, गिरणीची जळती..."

"हिला धा-धा वर्सं हात लावावा लागत न्हाई. लई चांगली बनवलीया गं ती," बिभीषण म्हणाला, आणि त्याला रडू आलं.