सोपानरावांचे दोन रकाने

"दोन स्थळं आहेत ना? दोन्हींची चौकशी मी करतो!" सोपानरावांनी जाहीर केलं आणि स्वतःच दचकले. शाळेच्या ग्रंथालयात तीस वर्षं काढलेला माणूस. कंडक्टरकडं तिकीट मागतानाही ते गावाचं नाव कागदावर लिहून दाखवत. पण प्रश्न नातीच्या लग्नाचा होता. शिवानीला पासलीचा कुमार मनापासून आवडला होता. त्याच्या आधी आलेलं पहिलं स्थळ मात्र कापूरहोळचं, गॅरेजवाल्याचं.

दोन्ही गावी ते जाऊन आले. कुणाला काही विचारायचं धाडस मात्र झालं नाही. मग पासलीत वडाखाली बसून वहीत शाळेतल्या भाषणाचं टिपण काढलं: दक्षिण अमेरिकेतलं कॅपुचिन माकड आणि झाडाला उलटा लटकणारा सुस्त प्राणी, दोन बोटांचा स्लॉथ, यांची तुलना. डावा रकाना माकडाचा, उजवा स्लॉथचा. नावं नंतर ठळक शाईनं लिहायची, म्हणून वर नुसतं 'पहिला' आणि 'दुसरा'.

घरी येऊन ते पाय धुवायला गेले, तेवढ्यात मुलानं, हनुमंतानं, पिशवीतली वही उघडली.

"पहिला. डोकं तल्लख. दगडानं कवच फोडून खातो. हाताला लागेल ते पळवतो. स्वतःची लघवी हातापायांना चोळतो... आरं देवा! ह्याच्याकडं म्या गाडी दिली व्हती की!"

"आन दुसरा?" सून प्रेरणा.

"दिवसाचे पंधरा तास झोपतो. परसाकडं आठवड्यातून एकदा. अंगावर शेवाळ. पुढच्या पायांना... म्हंजी हातांना, दोनच बोटं!"

"तरीच! फोटोत हात खिशात घातल्यात!"

शिवानी आत गेली. दार लागलं.

हनुमंतानं पहिलं, कापूरहोळचं स्थळ फोनवरच मोडलं. पासलीचा नंबर लावणार, तोच सोपानराव ओल्या पायांनी धावत आले. आयुष्यात पहिल्यांदा ओरडले, "थांब! ती माहिती माकडाची आणि स्लॉथची आहे! पोरांबद्दल मी कुणाला काहीच विचारलं नाही!"

मग हनुमंतानं आवाजात साखर घोळून पासलीला स्पीकरवर फोन केला. पलीकडून कुमारचे वडील गेनबा म्हणाले,

"आमीच फोन करणार व्हतो. तुमचे वडील आल्ते. पोरानं वळखलं, शाळंत पुस्तकं द्यायचे म्हून. वडाखाली चार तास बसले. पोरगा च्या घिऊन गेला, तर मान खाली घालून तसंच! हलले न्हाईत, बोलले न्हाईत. हे दुखणं घराण्यातलं असंल, तर आमाला न्हाई जमायचं."

फोन बंद झाला. शिवानी दारात उभी होती.

"आजोबा, तो चहा घेऊन आला, तेव्हा 'बस बाळा' एवढं तरी म्हणायचं."

सोपानरावांनी उत्तर जुळवायला घेतलं. ते ओठांपर्यंत आलं, तेव्हा सगळे जेवून उठले होते.