अखंड द्राक्षाचं उष्टावण

एका जंगलात, बाळांनो, भिंगरी नावाची माकडीण राहत होती. त्या दिवशी तिच्या लेकाचं, टिंगूचं, उष्टावण होतं. बाळाचा पहिला घास मामाने भरवायचा, असा माकडांचा रिवाज. माणसांचाही आहे म्हणे, पण आपण माकडांचंच बोलू.

मामा म्हणजे भिंगरीचा थोरला भाऊ, बाजीदादा. तो लांबच्या मळ्यातून द्राक्षांचा घड घेऊन मिरवत आला. चांगली टपोरी द्राक्षं होती.

भिंगरीने एक द्राक्ष सोललं, त्याचे उभे चार काप केले आणि बोटांनी कुस्करायला घेतले. मागच्या हंगामात शेजारच्या फांदीवरच्या पोराच्या घशात अख्खं द्राक्ष अडकलं होतं. तेव्हापासून तिने धसकाच घेतला होता.

"अगं अगं, कापतेस काय?" सासूबाई ओरडल्या. "शुभकार्यात फळ अखंड हवं!"

"अहो आई, त्याला अजून दात नाहीत."

"मग चावायची कटकटच नाही. गिळेल की!"

कोल्हा मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. तोही म्हणाला, "वहिनी, तो लगदा व्हिडिओत बरा दिसत नाही हो."

बाजीदादाचा तर पारा चढला. "डोंगर ओलांडून आणली मी, आणि तू चेंदामेंदा करतेस? मामाला काही मान आहे की नाही?"

भिंगरी हात आडवा घालेपर्यंत त्याने अख्खं द्राक्ष टिंगूच्या तोंडात सारलंसुद्धा.

टिंगू रडला नाही, खोकला नाही. त्याचे ओठ निळे पडू लागले.

"बघा, किती शहाण्यासारखा खातोय," सासूबाई म्हणाल्या.

भिंगरीने झडप घातली. लेकराला हातावर पालथं घेतलं, डोकं खाली केलं आणि पाठीवर जोरात थापा मारल्या. द्राक्ष टुणकन बाहेर पडलं. टिंगूने भोकाड पसरलं. इतकं गोड रडणं तिने जन्मात ऐकलं नव्हतं. मग तीही रडली.

बाजीदादाने द्राक्ष उचलून शेपटीला पुसलं. "घाबरू नका मंडळी, अजून अखंड आहे!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"दादा, ते तूच खा," भिंगरी म्हणाली, "आणि घरी जा." बाळ शांत झाल्यावर तिने त्याला कुस्करलेलं द्राक्ष चाटवलं. टिंगूने मिटक्या मारल्या.

बाजीदादा रुसून गेला तो गेलाच. भिंगरीने भर कार्यात भावाचा अपमान केला, असं त्या जंगलात अजून सांगतात. टिंगू वाचला, हे मात्र कुणी सांगत नाही.

तात्पर्य: बाळाचा श्वास अडकला तर पाठीवर थापा मारून मोकळा करता येतो. मामाचा मान अडकला तर त्यावर इलाज नाही. म्हणून शहाण्या आईने आधी मामाला सांभाळावं.