क्लच फिरवायचा राहिला

विश्वेश्वरने फडक्याने नवीन हँडल पुसलं, एक पाऊल मागे सरून ते डोळे भरून पाहिलं आणि स्वतःच्या फ्लॅटचं दार आतून लावून घेतलं. खट्ट! कसा भरीव, खानदानी आवाज! बंगळुराजवळच्या बोम्मसंद्राच्या एका कुलपांच्या कारखान्यात तो डिझाइन विभागाचा प्रमुख होता आणि या एका आवाजासाठी त्याने अकरा महिने घालवले होते. तो पुन्हा ऐकावा म्हणून त्याने दार उघडायला हँडल खाली दाबलं. हँडल खाली गेलं, वर आलं, लाडात आल्यासारखं पुन्हा खाली गेलं. दार ढिम्म.

या कुलपाची करामत अशी होती, की दार बंद असताना बाहेरचं हँडल नुसतं मोकळं फिरावं. चोराने त्याला लोंबकळावं, पाइप अडकवून जोर करावा, घामाघूम व्हावं. हँडल आणि लॅच जोडणारा आतला क्लच सुटलेला असल्याने तो जोर लॅचपर्यंत, म्हणजे दार अडवणाऱ्या जिभेपर्यंत, पोचतच नाही. आतल्या माणसाने मात्र नुसतं बोट टेकवलं की दार उघडलं पाहिजे. कारखान्यातली नमुन्याची दारं सगळी उजव्या हाताची, घरचं दार डाव्या हाताचं. म्हणून सकाळी बसवताना विश्वेश्वरने लॅच उलटा करून घेतला. क्लच उलटा करायचा राहिला. परिणामी बंगळुरातल्या कुठल्याही चोराला हँडल दाबून आत येण्याची मुभा होती आणि घरमालकाला बाहेर जायची बंदी.

चूक त्याला अर्ध्या मिनिटात कळली. हुशारच माणूस तो. पण कळून उपयोग काय? स्क्रू होते दाराच्या कडेला, दार उघडल्याशिवाय दिसू नयेत असे. ही कल्पना त्याचीच. तिच्यासाठी कंपनीने त्याला शाल दिली होती. त्याने फटीत एटीएम कार्ड सरकवून पाहिलं. कार्डाचे दोन तुकडे झाले. 'कार्डाने उघडत नाही' हे माहितीपत्रकातलं तिसरं वाक्य होतं आणि ते शंभर टक्के खरं निघालं.

बायको श्रीविद्या भाजी आणायला गेली होती. त्याने तिला फोन लावला, तो स्वयंपाकघरात वाजला.

दहा वाजता कोरमंगलाच्या ऑफिसात त्रिविक्रम नावाच्या बिल्डरसमोर हेच कुलूप मांडायचं होतं. हेब्बाळला सहाशे फ्लॅट. ऑर्डर मिळाली तर विश्वेश्वर जनरल मॅनेजर, नाहीतर पुढची अकरा वर्षंही याच खुर्चीत. त्याने वरिष्ठ बाईंना, क्षमा मॅडमना, फोन लावला. खरं ओठांवर आलं होतं, ते त्याने गिळलं.

"मॅडम, क्लायंटला माझ्या घरीच घेऊन येता का? खऱ्याखुऱ्या दारावर बसवलंय."

"वॉव! लाइव्ह साइट!" पुण्याहून दोन वर्षांपूर्वी आलेल्या क्षमा मॅडम खूश झाल्या. "ब्रिलियंट आयडिया, विश्वेश्वर. पोचतोच आम्ही."

फोन ठेवतो तोच हँडल खाली झालं आणि श्रीविद्या पिशवी घेऊन आत आली.

"अहो, हे कसलं कुलूप? हात लावला की उघडतंय!"

"दार! अगं दार!" तो धावत ओरडला.

गेले पंधरा दिवस दार उघडं टाकण्यावरून तिने त्याची बोलणी खाल्ली होती. "लावते हो, लावते! जीव खाल्ला नुसता," असं म्हणत तिने टाचेने दार ढकललं. खट्ट!

प्रकार समजल्यावर ती सरळ बाल्कनीकडे निघाली. "समोरच्या नीलाक्कांना हाक मारते. त्या येऊन दार धरतील."

"मुळीच नाही! गेल्याच महिन्यात मी सोसायटीत सुरक्षेवर भाषण दिलंय. तू कॉफीचं बघ. ते लोक आले की दार उघडेल, मी पाय घालून धरून ठेवतो. कुणाला कळणारसुद्धा नाही."

बेल वाजली तेव्हा विश्वेश्वर उजवा पाय पुढे काढून, धावण्याच्या शर्यतीत उभा राहतात तसा उभा होता. "हँडल दाबा सर, आत या!" दार उघडलं. आणि दारात मावेल तेवढा सगळा त्रिविक्रम आत आला. सहा फूट उंच, तितकाच ऐसपैस, बंगळुरातल्या जुन्या मराठी घरातला गडी. आपल्या भाषेतला माणूस भेटल्याच्या आनंदात त्याने विश्वेश्वरला कडकडून मिठी मारली. त्या मिठीच्या पलीकडून क्षमा मॅडम आत शिरल्या. विश्वेश्वरचा पाय हवेत वळवळत राहिला. वर दार आपोआप मिटवणारा दांडाही त्यानेच आज सकाळी बसवलेला. त्याने आपलं काम चोख केलं.

"बाहेरून दाबलं तर उघडलं की हो," त्रिविक्रम म्हणाला. "लॉक नव्हतं काय?"

"तुम्ही येणार म्हणून मोकळं ठेवलं होतं सर. आता लागलंय. बघा, जोर लावून बघा." विश्वेश्वरने आतल्याच हँडलकडे बोट केलं. दुसरा इलाजच नव्हता.

त्रिविक्रमने आधी एक हात लावला, मग दोन, मग गुडघे वाकवून सगळं वजन टाकलं. हँडल नुसतं खालीवर झालं. दार हललंसुद्धा नाही.

"अगाई! काय पण काम केलंय!" तो धापा टाकत म्हणाला. "माझ्याच्यानं नाही, तर चोराच्यानं काय होणार?"

क्षमा मॅडम अभिमानाने हसल्या. कॉफी आली, तिच्याबरोबर तिखट, कुरकुरीत निप्पट्टू आले. त्रिविक्रमने दोनदा घेतले, बोटं पुसली आणि उठला. "आयतु, झालं, निघतो. साडेअकराला साइटवर स्लॅब आहे. उघडा."

विश्वेश्वरने कप गोळा करायला घेतले.

"उघडा की," तो पुन्हा म्हणाला.

"सर... अजून स्वल्प कॉफी?" विश्वेश्वरने विचारलं.

"यांना उघडता येत नाही," स्वयंपाकघराच्या दारातून श्रीविद्या म्हणाली. "आठ वाजल्यापासून अडकलेत."

क्षमा मॅडमचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, पण पाहण्याची कुणाची हिंमत नव्हती. "विश्वेश्वर, तू क्लायंटला कोंडलंयस? लिटरली कोंडलंयस?"

"मॅडम, कुलूप बिघडलेलं नाही. फक्त उलटं चाललंय."

एवढ्यात हँडल खाली झालं. विश्वेश्वरची मावशी सकवारबाई, वय अठ्ठ्याहत्तर, मागच्याच गल्लीत राहणारी, डब्यात कडबू घेऊन आली होती. म्हातारीने जुन्या सवयीने उंबऱ्यावरच चपला काढल्या आणि ती आत आली. दार मिटत आलं आणि चपलेवर अडकलं. चार बोटं फट उरली. पोलादी लॅच, सुटा क्लच, अकरा महिने. सगळं एका झिजलेल्या चपलेपुढे थांबलं होतं.

"मावशी, चप्पल!" विश्वेश्वर किंचाळला.

"चप्पल!" क्षमा मॅडम आणि त्रिविक्रम एकाच सुरात ओरडले.

घरात पाहुणे आणि दारात आपल्या चपला! मावशी शरमेने अर्धी झाली. "सरी, सरी, बरं, काढते बाबा," म्हणत तिने वाकून दोन्ही चपला उचलल्या. खट्ट!

श्रीविद्याने बाल्कनीतून नीलाक्कांना हाका मारल्या, पण त्यांच्या दाराला बाहेरून कुलूप होतं. त्रिविक्रम मटकन सोफ्यावर बसला. मावशीने त्याच्या हातात कडबू दिला. त्याने तो खाल्ला, पण निप्पट्टूसारखी चव लागली नाही म्हणे.

पावणेबाराला बेल वाजली. "पार्सल!" कल्लाप्पा, कुरिअरवाला, पन्नाशीचा, मिशाळ माणूस. विश्वेश्वरने दाराला तोंड लावून, एकेक अक्षर सुटं करत सांगितलं, "हँडल दाबा. आत या, पण दार सोडू नका."

दार उघडलं. कल्लाप्पाने खांद्याने ते रेटून धरलं आणि तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "आत येत नाही सार. खाली बोर्ड लावलाय तुम्ही. डिलिव्हरीवाल्यांनी उंबऱ्याच्या आत पाय ठेवायचा नाही."

तो बोर्ड विश्वेश्वरनेच लिहून दिला होता. ज्याला ज्याला सन्मानाने आत बोलावलं तो अडकला होता; ज्याला आत घेत नव्हते, त्याने सगळ्यांना सोडवलं. श्रीविद्याने दारात खुर्ची घातली आणि कल्लाप्पाला, उंबऱ्याबाहेरच, एक कडबू दिला.

नोकरी गेली असं धरूनच विश्वेश्वर पाहुण्यांना लिफ्टपर्यंत पोचवायला गेला. लिफ्टचं बटण दाबता दाबता त्रिविक्रम थबकला.

"विश्वेश्वरराव, एक विचारू? हेब्बाळच्या माझ्या सेल्स ऑफिसात गिऱ्हाईक येतं, एसीत बसतं, कॉफी पितं, आणि 'घरी विचारून सांगतो' म्हणून सुटतं. हेच लॉक तिथं बसवाल? अगदी असंच?"

"सर, ती चूक आहे," विश्वेश्वर कळवळून म्हणाला. "आत अडकलेला माणूस..."

"चूक नाही, व्हेरिएंट," क्षमा मॅडम म्हणाल्या. "किती पीस सर?"

"चाळीस. सेल्स ऑफिसाच्या चाळीस शाखा आहेत. फ्लॅटांचं मग बघू."

विश्वेश्वरने निषेधाचं पत्र लिहिलं. त्यात आगीचा, कायद्याचा, माणुसकीचा उल्लेख होता. मग त्याला जनरल मॅनेजर केल्याचं पत्र आलं आणि त्याने आपलं पत्र खणात ठेवलं.

तीन आठवड्यांनी तपासणी विभागातला रविकिरण त्याच्या नव्या केबिनमध्ये एक कुलूप घेऊन आला. "सर, एकोणचाळीस ठीक आहेत. या एकात दोष आहे. आतून दार उघडतंय."

विश्वेश्वरने हँडल दाबलं. क्लच लोण्यासारखा बसला, लॅच सरकला. त्याने ते आणखी दोनदा दाबून पाहिलं. मग कागदावर 'नापास' असा शिक्का मारून सही केली.

ते नापास कुलूप त्याने घरी आणलं आणि, या वेळी लॅच आणि क्लच दोन्ही उलटे करून, दाराला बसवलं. श्रीविद्याने आतून एक बोट टेकवलं, दार उघडलं. तिने बाहेरून हिसका दिला, ओढलं, लाथ घातली, उघडलं नाही.

"चांगलं आहे की हो हे! असलं का नाही विकत तुम्ही लोक?"

जनरल मॅनेजर साहेब स्क्रू पिळण्यात गढून गेले होते.