भागाबाईचा फिल्टर

एका जंगलात सगळ्या जनावरांना गळा होता. भागाबाई तरसिणीला जरा जास्तच होता.

ती साधं 'पाणी आटलं' म्हणाली तरी होले घरट्यातून उडायचे आणि सशीण पिल्लं मोजायला लागायची. शेवटी पंच अस्वलाने निकाल दिला. जत्रेत चारचौघांना आवडेल असा आवाज काढून दाखव, नाहीतर बिऱ्हाड नदीपलीकडे ने. नदीपलीकडे, मुलांनो, वाघ राहायचा.

भागाबाई शिकलेली चौथीपर्यंत, पण हट्टात पदवीधर.

त्याच उन्हाळ्यात शहरातली माणसं जंगलात रेव्ह पार्टी करायला आली होती. तीन दिवस नाचली आणि जाताना चपला, बाटल्या आणि बॅटरीवर चालणारा एक सिंथेसायझर, म्हणजे हवे ते आवाज काढणारी पट्ट्यांची पेटी, टाकून गेली. ती पेटी भागाबाईने ओढत गुहेत नेली. खालून गुरगुरत वर चढणाऱ्या ज्या आवाजावर माणसं वेडी झाली होती, तोच आता तिला काढायचा होता.

हुप्पेराव नावाच्या म्हाताऱ्या वानराने ती पार्टी झाडावरून बघितली होती. तेवढ्यावर ते जाणकार झाले होते. त्यांनी समजावलं, की या पेटीत आवाज भरायचा नसतो. तो आधीच भरपूर असतो, नको तेवढा कापायचा. दोन करवतीसारखे सूर लावायचे, त्यातला एक किंचित बेसूर ठेवायचा, मग फिल्टरचं बटण फिरवून वरची खरखर उतरवायची.

भागाबाईने पट्टी दाबली. दोन्ही करवती कोकलल्या.

"अगं बाई," ती पुटपुटली, "ही तर मीच."

लाजेने तिने बटण फिरवलं. सशीण म्हणाली, अजून टोचतंय. आणखी फिरवलं. मोर म्हणाला, जरा घरंदाज हवं. बेसूर करवत बंदच केली. असं रोज थोडं थोडं कापणं चाललं.

"भागाक्का, थोडी खरखर राहू द्या. पाय तिच्यावरच हलतात," हुप्पेराव म्हणाले.

"तुम्ही तुमचं शेपूट सांभाळा," ती म्हणाली.

जत्रा भरली. भागाबाईने पट्टी दाबली. काही नाही. दुसरी दाबली. तरी काही नाही. इतकं कापलं होतं, की पेटीत नुसते शिष्टाचार उरले होते.

अस्वल निकाल सांगायला उठलं. भागाबाईचं डोकं फिरलं. तीन महिने पेटीपुढे वाकून पाठ मोडली, आणि हे केसाळ ढेरपोट मला हाकलणार? तिने पेटीवर पंजा आपटला आणि पोटातून ओरडली. खालून गुरगुरत, वर चढत, किंचित बेसूर.

सशिणीचा पाय हलला. मग मोराचा. मग अख्खी जत्रा नाचली, आणि सगळ्यांत पुढे अस्वलाची ढेरी.

दम लागल्यावर अस्वल जवळ आलं. "काय प्रोग्रॅम केलंयस गं. कुठलं बटण?"

भागाबाईने खरं सांगायला तोंड उघडलं. समोर नदी दिसत होती.

"हे, फिल्टरचं," ती म्हणाली. "फार नाजूक हाताने फिरवावं लागतं."

अस्वलाने तिला राहू दिलं. अट एकच, पेटीशिवाय ओरडायचं नाही.

तेव्हापासून ती पेटी गळ्यात अडकवून फिरते. बॅटरी कधीच संपली. आधी बटण फिरवते, मग कोकलते, आणि होले माना डोलावतात. दर बुधवारी ती फिल्टरचा क्लास घेते. उशिरा येणाऱ्याला चावते.

तात्पर्य: 'स्वतःचा आवाज दाबू नका' असं मी सांगेन, असं वाटलं ना? खुळे आहात. आधी गळ्यात एखादी पेटी अडकवा, मग हवं तेवढं कोकला.